उरुळीकांचनचा गोठा आणि त्यानंतरची साठ वर्षे

बायफची, म्हणजे भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनची, नोंदणी ऑगस्ट 1967 मधली. पण संस्थेतल्या जुन्या माणसांना ‘सुरुवात केव्हाची?’ असे विचारले, तर ती 1967 म्हणत नाहीत. ती उरुळीकांचनच्या गोठ्याचे नाव घेतात. संस्था साठीच्या उंबरठ्यावर असताना तिचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कपाटातल्या अहवालांच्या आधी मलाही तो गोठाच आठवला. माझी उमेदीची वर्षे या संस्थेच्या क्षेत्रकामात गेली. त्यामुळे हे लेखन तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडून ऐकले, ते इथे एकत्र मांडले आहे.

या काळात संस्थेचे नाव बदलले, घडण बदलली, कामाचा विषय तर अनेकदा बदलला. आश्रमाच्या गोठ्यातून न्यास झाला. न्यासातून राज्याराज्यांत सहयोगी संस्था निघाल्या. त्या संस्थांनी उभ्या केलेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि कंपन्या आज आपला कारभार आपण पाहतात. बाहेरच्या माणसाला हा पसारा वाटतो. आतून पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक बदलामागे कुठल्या तरी शेतकरी कुटुंबाची नड दिसते. सनावळीपेक्षा ती नड सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

पायाभरणी : 1946 ते 1967

पुण्याला डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजींचा त्या उपचारांवर मोठा विश्वास होता. पण शहरातले उपचार खेड्यातल्या गरिबापर्यंत पोहोचणार नाहीत, तर उपचारच खेड्यात न्यायला हवेत, असे त्यांच्या मनाने घेतले. पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावर, पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर असलेले उरुळीकांचन त्यासाठी निवडले गेले. मार्च 1946 मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले. गावकऱ्यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही पुढे आपले आयुष्य याच आश्रमाला दिले.

गांधीजी परत गेले आणि मागे एक तरुण राहिला. सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचा, विज्ञानाचा पदवीधर, बेचाळीसच्या चळवळीतून तावूनसुलाखून निघालेला. मणिभाई देसाई यांनी तेव्हा वयाची सव्वीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. इथेच देह ठेवीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता आणि तो त्यांनी अक्षरशः पाळला. गुजराती घरात वाढलेले मणिभाई मराठी मुलखाचे झाले ते कायमचे.

आश्रमात येणाऱ्या रुग्णाला माती, पाणी, ऊन आणि पथ्य सांगितले जाई. पथ्य सांगणे सोपे, पण पथ्याला लागणारे अन्न घरात असेल तर ना! दूध घ्या म्हणावे, तर दारातली गाय जेमतेम लिटर-दोन लिटर दूध देणारी. तेही अर्धेअधिक वासराच्या तोंडी जायचे. रोगाचे मूळ चुलीशी आहे आणि चुलीचे मूळ गोठ्यात नि शेतात आहे, हे मणिभाईंना फार लवकर उमगले. गांधीजींनीही त्यांना गोसेवेकडे लक्ष द्यायला सांगितलेच होते.

मग सौराष्ट्रातून गीर गाई आणल्या गेल्या. लांब लोंबते कान, उंच वशिंड, फुगीर कपाळ. इकडच्या माणसाने अशी गाय पाहिलेली नव्हती. मणिभाईंनी जनावरांच्या पैदाशीचा आणि चाऱ्याचा अभ्यास स्वतः केला. आश्रमाच्या गोठ्यातले दूध रोज मोजले जाई, लिहिले जाई. कुठल्या गाईची लेक आईपेक्षा सरस निघाली, कुठली कमी पडली, याची टिपणे ठेवली जात. आज संस्थेत संशोधनाची जी शिस्त आहे तिचा उगम मला त्या वहीत दिसतो. याच गोठ्यातल्या गीर गाईंनी पुढे देशभर नाव कमावले.

पण नाव झाले म्हणून शेजारच्या वाडीवस्तीवरचे दूध वाढले नाही. उत्तम गोठ्यातून वर्षाला मोजकेच चांगले वळू बाहेर पडणार, ते किती गावांना पुरणार? आश्रमाच्या कुंपणात राहून हा प्रश्न सुटणारा नव्हता. तज्ज्ञ हवे होते, प्रयोगशाळा हवी होती, पैसा हवा होता आणि गावोगाव फिरणारी माणसे हवी होती. आश्रमाचा पिंड वेगळा. त्याच्यावर हे ओझे टाकणे आश्रमाच्याही हिताचे नव्हते आणि या कामाच्याही. वेगळ्या संस्थेचा विचार या अडचणीतून पुढे आला.

1967 ते 1976 : न्यास आणि दारातली सेवा

‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ या नावाने सार्वजनिक न्यास नोंदला गेला. नावातल्या ‘इंडस्ट्रीज’ या शब्दाने आजही काहींचा गोंधळ होतो. मणिभाईंच्या मनात कारखाना नव्हता. शेतकऱ्याच्या घरात, घरच्याच माणसांच्या हातांनी चालणारा आणि रोज चार पैसे आणणारा धंदा त्यांना हवा होता. पावसावर जगणाऱ्या माणसाला असा धंदा गाय देऊ शकते, हा त्यांचा हिशेब होता. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा संस्था अजून रांगत होती.

निर्णय मोठा होता. गावठी गाईंचा होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी या परदेशी जातींशी संकर करायचा आणि त्यासाठी गोठवलेले वीर्य वापरायचे. एका उत्तम वळूपासून अशा हजारो मात्रा तयार होतात, म्हणजे वळूंच्या तुटवड्याचा प्रश्न मिटतो. गांधीविचारात वाढलेल्या, गीर गाय जपणाऱ्या माणसाने हा निर्णय घ्यावा, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. काहींना तो रुचलाही नाही. पण ज्याच्या दारात जातिवंत गीर नाही, कुठल्याच वंशात न मोडणारी हाडकी गाय आहे, त्याला एका पिढीत दूध वाढवून हवे होते. मणिभाईंनी त्याच्या बाजूने कौल दिला.

दुसरा निर्णय मला याहून मोठा वाटतो. माजावर आलेली गाय दवाखान्यात चालवत आणायची ही तोवरची रीत. चार-पाच कोस चालून येईपर्यंत जनावर थकते, माजाची वेळ निघून जाते आणि शेतकऱ्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. बायफने ठरवले की माणूस गाईकडे जाईल. दहा-पंधरा गावांना मिळून एक केंद्र, केंद्रावर एक प्रशिक्षित कार्यकर्ता, त्याच्याकडे वाहन आणि गोठवलेल्या वीर्यासाठी द्रवरूप नायट्रोजनचा कंटेनर. बायफ म्हणजे काय, हे आजही मला एका शब्दात विचारले तर मी ‘दार’ असेच सांगेन.

खर्चाची तोंडमिळवणी कोण करणार? इथे महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने पुढे आले. कारखान्याचा सभासद ऊस लावत होता, पण उसाचा पैसा वर्षातून एकदा हातात यायचा. उसाचे वाढे चारायला जनावर होतेच. त्या जनावराने दूध दिले तर सभासदाच्या घरी दर आठवड्याला पैसा खेळेल, हे कारखान्यांच्या धुरिणांनी ओळखले आणि आपापल्या कार्यक्षेत्रातल्या केंद्रांचा भार उचलला. 1972 च्या दुष्काळात हजारो जनावरे छावण्यांत गेली, कित्येक कवडीमोलाने विकली गेली. त्या अनुभवानंतर ‘थोडी पण दुभती’ हा विचार शेतकऱ्यालाही पटू लागला.

तरी पहिली वर्षे फार कठीण गेली. ‘वळूशिवाय गाय गाभण राहील कशी?’ इथपासून शंका होत्या. खरी भीती खोंडाची होती. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसते, मग जू टिकणार कुठे? उन्हात तो धापा टाकील, मग नांगर कोण ओढणार? त्या काळी शेती बैलावर होती आणि कालवडीइतकाच खोंडही लाखमोलाचा होता. ही भीती अडाणीपणाची नव्हती. शेतकऱ्याचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब होता. कार्यकर्त्यांनी वाद घातला नाही. पहिली कालवड व्यायली की तिचे दूध बोलेल, एवढेच ते म्हणत. रेतन केले त्या दिवसापासून कालवड जन्मून, वाढून, गाभण राहून दुधात यायला साडेतीन-चार वर्षे लागतात. एवढा काळ लोकांचा अविश्वास अंगावर घेत गावोगाव फिरलेल्या त्या पहिल्या फळीची नावे स्वतंत्र यादीत येतीलच. इथे त्यांना सामुदायिक वंदन करतो.

1977 ते 1986 : विस्तार आणि 1982 चे वळण

या दशकात मी संस्थेत आलो. माझ्या केंद्रावर पहाटे निरोप यायचा, बहुधा सायकलवरून आलेला शाळकरी पोरगा. ‘सायेब, आमची तांबडी रात्रीपासून हंबरतीया.’ आम्ही विचारायचो : वैरण टाकली का, सोट टाकते का, दुसऱ्या जनावरावर उडते का? सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, हा नियम. दिवस मावळताना गोठ्यात पोहोचायचे. कंटेनरचे झाकण काढले की पांढरी वाफ काठावरून खाली ओघळायची. उणे 196 अंशांच्या त्या द्रवातून चिमट्याने बारीक कांडी उचलायची आणि कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची. पोरे श्वास रोखून बघत उभी असत.

एकदा एका घरची आजी खांबाला टेकून बसली होती. सगळे उरकल्यावर तिने विचारले, ‘बाबा, ह्येचा बाप कोन म्हनायचा?’ मी कार्डावरचा वळूचा क्रमांक वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘आकडा नगं, नाव सांग.’ वळूला नाव होते की नाही हे मला ठाऊक नव्हते. तिच्या लेखी घरात येणारे वासरू बिनबापाचे राहणार होते. उरुळीच्या संशोधन केंद्रावर गेल्यावर मी मुद्दाम त्या वळूपाशी जाऊन आलो आणि पुढच्या खेपेला आजीला त्याचा रंग, अंगावरचे ठिपके आणि त्याची चाल सांगितली. तिचे समाधान झाले. आपण वाटतो ते तंत्र आणि लोकांना हवी असते ती ओळख, हे मी त्या दिवशी शिकलो.

संस्थेचे काम याच काळात महाराष्ट्राबाहेर गुजरात, कर्नाटक, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पोहोचले. उरुळीकांचनला गोठीत वीर्याची प्रयोगशाळा आणि चारापिकांचे संशोधन बहरले. सुबाभूळ हे झाड मणिभाईंनी अक्षरशः डोक्यावर घेतले. चारा, सरपण आणि जमिनीला नत्र, असे तिहेरी काम करणारे झाड त्यांना कोरडवाहू शेतकऱ्यासाठी देवदूत वाटे. त्याचा सगळीकडे सारखाच उपयोग झाला नाही, पण बांधावर झाड लावण्याची सवय त्याने लावली. पुढच्या फळझाडांच्या कामाला ही सवय उपयोगी पडली.

1982 हे साल संस्थेच्या इतिहासात ठळक आहे. मणिभाईंना लोकसेवेसाठीचा रेमन मॅगसेसे पुरस्कार त्या वर्षी मिळाला. गांधीजींना 36 वर्षांपूर्वी दिलेला शब्द प्रत्यक्षात आणला, असा त्याचा आशय होता. पण 1982 मला लक्षात राहिले आहे ते दक्षिण गुजरातमधल्या वांसद्यामुळे.

वांसदा डोंगराळ आदिवासी मुलूख. पाऊस रग्गड, पण तो उतारावरून माती घेऊन निघून जातो. नागली, वरई, थोडे भात, आणि दिवाळीनंतर सगळे घर रोजगारासाठी बाहेर. तिथे गाय घेऊन काय करणार? चारायला माणूसच घरी नसतो. संस्थेचा हातखंडा असलेले काम तिथे लागू पडत नव्हते. जिथे आपले तंत्र चालत नाही तिथून निघून यायचे, असाही मार्ग होता. बायफ तिथे थांबली आणि वेगळे काम शिकली. कुटुंबाच्या एक एकर हलक्या जमिनीवर आंबा-काजूची कलमे लावायची, कडेने चारा-सरपणाची जंगली झाडे आणि कुंपण करायचे, झाडे वाढेपर्यंत मधल्या जागेत धान्य-भाजीपाला घ्यायचा, आणि माती धरून ठेवायला बांधबंदिस्ती करायची. याला नाव मिळाले ‘वाडी’. शब्द लोकांच्याच तोंडचा होता, तो आम्ही फक्त उचलला.

गाईची संस्था झाडांची झाली, अशी तेव्हा टीका झाली. खरे तर ती कुटुंबाची संस्था झाली.

1987 ते 1996 : घर वाटून देणे

संस्था वाढली की तिचे जुने कपडे तोकडे पडतात. तशी बायफही उरुळीकांचनच्या एका खोलीतून चालेनाशी झाली. टिपटूरच्या नारळबागा, जव्हारचा डोंगर आणि राजस्थानातला कोरडा माळ यांचे निर्णय पुण्यात बसून घेणे चुकीचे होते. म्हणून राज्याराज्यांत स्वतंत्र नोंदणीच्या सहयोगी संस्था उभ्या राहिल्या. कर्नाटकात ‘बर्ड-के’, गुजरातमध्ये ‘ग्रीसर्व’ आणि धरमपूर भागासाठी ‘ध्रुव’, महाराष्ट्रात नाशिकहून काम पाहणारी ‘मित्र’. प्रत्येकीचे विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळे, कामाचा मोहरा तिथल्या मातीप्रमाणे. संशोधन, प्रशिक्षण आणि मूल्यांची शिस्त तेवढी समाईक राहिली. मूळ संस्थेचे नावही ‘बायफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन’ झाले होते आणि मुख्य कार्यालय पुण्यात वारज्याला आले होते.

मोठे घर वाटताना जी घालमेल होते ती इथेही झाली. बैठका लांबल्या, मते वेगळी पडली. कोणी म्हणाले, अशाने संस्थेचा एकजीवपणा जाईल. कोणी म्हणाले, नाही वाटले तर संस्थाच खुंटेल. अखेर सर्वांनी मिळून जे ठरवले ते मनापासून अमलात आणले आणि गावातले काम एक दिवसही थांबले नाही. आज मागे वळून पाहताना मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या त्या राज्यातले तरुण कार्यकर्ते नेतृत्वाला आले ते त्यामुळेच.

नोव्हेंबर 1993 मध्ये मणिभाई गेले. उरुळीकांचनला त्या दिवशी जमलेली माणसे मला आजही दिसतात. मोठ्या गाड्या होत्या, तशी डोक्याला मुंडासे बांधलेली, दुधाचे कॅन बाजूला ठेवून आलेली माणसेही होती. 47 वर्षे ज्यांच्या एका शब्दावर कामे हलत, ते नाहीत. कार्यकर्त्यांच्या मनातला प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हते, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

संस्थापकामागे संस्था पोरकी होण्याचे प्रसंग महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. इथे तसे झाले नाही, याचे श्रेय मणिभाईंनाच द्यायला हवे, कारण दुसरी फळी त्यांनी हयातीत घडवली होती. वाडी आणि वनशेतीच्या कामात वर्षानुवर्षे राबलेले डॉ. नारायण हेगडे यांनी धुरा घेतली. पुढे गिरीश सोहनी आणि त्यांच्यानंतर भरत काकडे असा हा वारसा संस्थेत वाढलेल्या माणसांच्या हाती जात राहिला. मणिभाईंची कामाची पद्धत व्यक्तीच्या शब्दाची होती. नंतरची पद्धत नियमांची, आराखड्यांची आणि मूल्यमापनाची झाली. जुन्यांना ती सुरुवातीला कोरडी वाटली, मलाही वाटली. पण हजारो गावे सांभाळायची तर प्रत्येक प्रश्न एका माणसाच्या दारी नेता येत नाही.

1997 ते 2006 : पाणी, वाडीचा प्रसार आणि शेतकऱ्यांची कंपनी

जव्हार-मोखाड्याच्या एका पाड्यावर मी एप्रिलमध्ये गेलो होतो. वारली कुटुंब, वाडीच्या लावणीचे दुसरे वर्ष. घरची बाई डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन ओढ्यातून वर चढत होती आणि प्रत्येक कलमाच्या बुडाशी तांब्याने मोजून पाणी घालत होती. बुडाशी पुरलेल्या मडक्यातून ते हळूहळू झिरपे. ‘किती खेपा होतात?’ म्हटले तर तिने कलमांकडे बोट दाखवले. खेपा तिने मोजल्या नव्हत्या, झाडे मोजली होती. एक मेले होते. त्याची जागा तिने पावसाळ्यासाठी खड्डा करून राखून ठेवली होती. नवरा त्या वर्षी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला नाही, कुंपण नीट करायला घरी थांबला, हे तिने सांगितले तेव्हा तिच्या आवाजात जे होते ते कुठल्याच अहवालात मावणार नाही.

या कष्टातूनच पाण्याचे काम पुढे आले. झरे बांधणे, उतारावर पाणी अडवणे, शेततळी. कर्नाटकात हासन जिल्ह्यात एकमेकांना जोडलेल्या शेततळ्यांची साखळी उभी राहिली, ती पाहायला दुसऱ्या राज्यांतून माणसे येऊ लागली. जर्मन विकास बँकेच्या अर्थसाह्याने आणि नाबार्डच्या साथीने वाडीचे काम गुजरात-महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झाले. त्या अनुभवावर नाबार्डने 2003-04 मध्ये आदिवासी विकास निधी सुरू केला आणि वाडी देशभर गेली. आज वाडी उभारणाऱ्या कितीतरी संस्थांचा बायफशी काहीही संबंध नाही. हे मी अभिमानाने लिहितो.

झाडे फळाला आली आणि नवा प्रश्न उभा राहिला. आंबा एकदम पिकतो, व्यापारी दर पाडतो. म्हणून गावपातळीवर सहकारी संस्था झाल्या, लोणची-गर-काजूप्रक्रियेची केंद्रे झाली, ‘वृंदावन’ या नावाने माल बाजारात आला. कंपनी कायद्यात 2002 मध्ये उत्पादक कंपनीची तरतूद आल्यावर या संस्थांनी एकत्र येऊन ‘वसुंधरा अ‍ॅग्री-हॉर्टी प्रोड्युसर कंपनी’, म्हणजे वॅपकॉल, स्थापन केली. ज्यांच्या बापाने वीटभट्टीवर उचल घेतली होती, ती माणसे संचालक म्हणून ताळेबंदावर सह्या करू लागली. आमच्यासाठीही हा धडा होता. सल्ला द्यायचा, पण निर्णय त्यांचा मानायचा. वर्षानुवर्षे पुढे चालायची सवय लागलेल्या कार्यकर्त्याला एक पाऊल मागे येणे जड जाते. ते आम्ही जमेल तसे शिकलो.

2007 ते 2016 : बियाणे, शेळ्या आणि सेवेचे मोल

कारखान्यांचे आणि सरकारांचे साह्य पूर्वीसारखे राहिले नाही, तेव्हा सेवेचे शुल्क घ्यावे का, हा प्रश्न आला. फुकट दिलेल्या सेवेवर संस्था वाढलेली, त्यामुळे अनेकांच्या मनाला हे टोचले. गावातून मिळालेले उत्तर मात्र साधे होते : वेळेवर या, गाय गाभण राहू द्या, पैसे आम्ही देऊ. ज्या घरात गाय पोसणे शक्य नाही तिथे उस्मानाबादीसारख्या स्थानिक जातींच्या शेळ्यांचे काम वाढले. गावातल्याच बायकांनी पशुसखी होऊन जंतनाशन आणि लसीकरण हाती घेतले. गोठ्यात एके काळी फक्त पुरुष कार्यकर्ता शिरायचा, तिथे आता वही घेतलेली बाई दिसू लागली. जव्हार-विक्रमगडच्या वाड्यांत मोगरा फुलला आणि पहाटे तोडलेल्या कळ्या मुंबईच्या बाजारात जाऊ लागल्या.

याच काळातले एक काम मला विशेष जवळचे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि भाजीपाल्याचे गावरान वाण मडक्यांत, राख लावून जपले होते. बायफच्या कार्यकर्त्यांकडे त्यांना शिकवायला काही नव्हते. होते ते नोंदीचे, निवडीचे आणि बीजकोश उभारण्याचे शास्त्र. ते त्यांच्या ज्ञानाला जोडले गेले. 2020 च्या पद्म पुरस्कारांत राहीबाईंचे नाव आले तेव्हा वारज्याच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. मान सर्वस्वी त्यांचा आणि त्यांच्यासोबतच्या बायकांचा. काळभातासारखे वाण त्या भागात आजही पेरले जातात ते त्यांच्यामुळे.

2017 नंतर : आजची बायफ

सुवर्णमहोत्सव झाला, 2020 मध्ये मणिभाईंची जन्मशताब्दीही झाली. आज बारापेक्षा अधिक राज्यांत काम चालते. पण ज्या खोंडाच्या भीतीने साठ वर्षांपूर्वी लोक आम्हाला दारातून परत पाठवत, त्या खोंडाची कथा उलटी झाली आहे. नांगर ट्रॅक्टरने ओढला, 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि दूध न देणारा गोऱ्हा लहान शेतकऱ्याला पोसवेनासा झाला. म्हणून लिंगनिर्धारित वीर्याचा वापर सुरू झाला आहे, ज्यातून बहुतांशी कालवडीच जन्मतात. संकराबरोबर गीर, साहिवाल अशा देशी वंशांच्या सुधारणेलाही आता पुन्हा तेवढेच महत्त्व आहे. उरुळीकांचनचा गोठा जिथून निघाला होता तिथे एक फेरी पुरी झाली, असे आम्हा जुन्यांना वाटते. 2022 मध्ये जनावरांत लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा गाव आणि केंद्र यांचे जुने नाते पुन्हा कामी आले.

संस्थेची घडण आताही बदलते आहे. नव्या पिढीला संगणकावरच्या नोंदी, बदलते हवामान, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे नियम आणि शेतकरी कंपन्यांच्या भांडवलाची जुळवाजुळव असे विषय हाताळावे लागतात. सहयोगी संस्थांच्या कामाची नव्याने बांधणी, केंद्रांवरच्या कार्यकर्त्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून उभे करणे, यावर चर्चा होत असतात. ते निर्णय ज्यांनी घ्यायचे ते घेतील. त्यांच्या चर्चेत गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला पहिली खुर्ची असावी, एवढीच माझी इच्छा आहे.

हा लेख पुरा करण्याआधी मी माझ्या जुन्या केंद्राच्या गावी जाऊन आलो. आजी केव्हाच गेल्या. घर आता पत्र्याऐवजी स्लॅबचे आहे, गोठ्यात चार गाई. आजींची पणती बारावीला शिकते. तिने आठ दिवसांच्या कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हटले, ‘आजोबा, हिच्या आईच्या कानातला पिवळा बिल्ला बघा.’ बारा आकडे होते. तिने मोबाइलवर ते टाकले, आईची नोंद उघडली आणि रेतनाच्या तारखेपुढचा वळूचा क्रमांक मला वाचून दाखवला. मग म्हणाली, ‘हा तुमच्या उरुळीचाच ना? कसा दिसतो?’

पुढच्या आठवड्यात मी उरुळीकांचनला चाललो आहे. येताना फोटो काढून आणीन, असे तिला सांगून आलो.